सोळा पानं

पुस्तक आठशे चाळीस पानांचं.
छातीवर ठेवून आडवं पडून वाचता येत नाही, श्वास अडतो;
म्हणून किसन नगरच्या खोलीत, ओट्यावर,
पिठाच्या डब्याला टेकवून उभ्यानेच वाचते.
कडांना कणीक लागली आहे. वाचनालयाने माफ करावं.

पहिली शंभर पानं काही म्हणजे काही कळलं नाही.
तिसरं प्रकरण अकराव्यानंतर येतं,
एक प्रकरण म्हणजे नुसती धोब्याची यादी,
आणि तळटीपा अशा, की एकीचं शेपूट धरून निघावं
तर चार पानांनी आपण पुन्हा तिथेच, चप्पल हरवून.
एके ठिकाणी अनुवादक लिहितो:
'येथे मुळात श्लेष आहे. मला जमला नाही. क्षमस्व.'
त्या क्षमस्वसाठी मी पुढे वाचत राहिले.

युद्ध संपलेलं आहे, पण संपल्याचा कागद
सह्यांसाठी कचेऱ्यांतून फिरतो आहे;
तोवर तोफा चालू, दोन्हीकडून,
कारण गोळे उरले तर पुढच्या वर्षीचा कोटा कापतील.
मेलेल्याने मरणाचा अर्ज तीन प्रतींत,
स्वतः हजर राहून द्यायचा.
मी हसले, एकटीच, इतक्या मोठ्याने
की पलीकडून गवाणकरबाईंनी भिंत ठोकली.

मग चारशे बाराव्या पानावर एक पेटी उघडतात.
भुशात पितळी टोप्या, करंगळीच्या पेराएवढ्या,
प्रत्येकीच्या बुडाला हिरवा ठिपका.

मी गॅस बंद केला.

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट, देढियांचा गाळा.
एकोणीस वर्षं उजव्या हातात गेज:
एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
पास झाली, हिरवा ठिपका. नापास, लाल डबा.
एकदा विचारलं होतं, शेठ, हे कशात बसतं?
'पंपात,' म्हणाले, आणि सगळ्यांना चहा सांगितला.
दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर 'शिलाई मशीनमध्ये'.
तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.
बोनस वेळेवर यायचा, निखिलचा डिप्लोमा चालू होता.

हिरवा ठिपका जगात कुठेही देत असतील.
पुस्तकातला देश खोटा, नकाशा खोटा.
तरी दोन दिवस मी ते उघडलं नाही.

त्यात तुपिन नावाचा पोरगा आहे,
डाव्या पायाचे बूट मोजायच्या कामावरचा.
त्याला रात्री नदी ओलांडायला पाठवतात.
पाचशे चारावं पान संपतं:
'तुपिनने वर पाहिलं आणि'
उलटलं, तर पुन्हा चारशे एकोणनव्वद.
तीच सोळा पानं दुसऱ्यांदा शिवलेली,
पुढची सोळा नाहीतच.
पाचशे एकविसावर डावे बूट दुसराच कुणी मोजतो आहे.
कळायचं ते कळतं.
पण माझ्या प्रतीत ते कुठे लिहिलेलं नाही.

टिपणीस चष्म्यावरून म्हणाले, 'बांधणीचा दोष.
कळव्याच्या शाखेतून दुसरी प्रत मागवतो.'
नको म्हटलं. असू दे.
नापास माल हातातून सोडायची सवय नाही मला,
बोटं तर आपोआप लाल डबा शोधत होती.

तो डबा किती वेळा भरला, देढियांच्या वहीत असेल.
भंगारवाला किलोवर न्यायचा.
चुकून त्यातली एखादी कुठे बसली असती
तर वेळेवर
पण हे टिपणीसांना कशाला सांगायचं.
त्यांनी चौथ्यांदा शिक्का मारून मुदत वाढवली.

तीनशे एकोणीस पानं राहिलीत, वाचेन.
सध्या रात्री चारशे एकोणनव्वद काढते.
तुपिन बूट गळ्यात अडकवून पाण्यात उतरतो,
गुडघे, कंबर, छाती,
वर पाहतो आणि
मी पान उलटते,
तो पुन्हा काठावर, कोरडा.